गॅरेजसाठी सॉफ्टवेअर घेताना

नात्यात एक जण ‘कॉम्प्युटरमध्ये’ असला की जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर त्याला कळतं, असा सगळ्यांचा पक्का समज असतो. लग्नाच्या पत्रिकेपासून सोसायटीच्या हिशोबापर्यंत सगळं माझ्याकडे येऊन गेलंय. त्यामुळे न्यू जर्सीतल्या आमच्या दादाचा (मावसभाऊ, घरच्यांनी ओळखला असेलच) मागच्या हिवाळ्यात फोन आला, “गॅरेजसाठी रिपेअरच्या माहितीचं सॉफ्टवेअर घ्यायचंय, कुठलं ते तू सांग,” तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. मी तिथून तासाभरावर राहते. म्हटलं, एका शनिवारचं काम आहे. प्रत्यक्षात पाच शनिवार गेले, आणि त्या पाच शनिवारांत जे ऐकलं-पाहिलं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

आधी हे प्रकरण काय ते सांगते. आजची गाडी नुसत्या पान्याने उघडत नाही. कुठला बोल्ट किती टॉर्कने आवळायचा, कुठला एकदा काढला की फेकून नवाच घालायचा (ताण घेऊन बसणारे बोल्ट असतात, ते परत वापरले तर दगा देतात), कुठल्या फ्यूजवरून कुठली वायर कुठे जाते, गिअरबॉक्समध्ये कुठलं तेल आणि किती... हे प्रत्येक मॉडेलचं, प्रत्येक वर्षाचं वेगळं. पूर्वी याची जाडजूड पुस्तकं असत. दादाच्या गॅरेजच्या माळ्यावर अजून आहेत, पानांवर बोटांचे काळे ठसे. आता हीच माहिती महिन्याच्या वर्गणीवर कॉम्प्युटरवर मिळते. वर्गणी महिन्याला दीडशे-दोनशे डॉलरच्या पुढे. चार लिफ्टच्या गॅरेजला ही रक्कम जाणवते.

अमेरिकेत कंपनीच्या शोरूमबाहेरच्या गॅरेजला ही माहिती मिळते, त्यामागे बरीच भांडणं आहेत. १९९०च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्त्यांमुळे धुराशी संबंधित माहिती बाहेर देणं कार कंपन्यांना भाग पडलं. १९९६च्या मॉडेलपासून सगळ्या गाड्यांना एकसारखं ओबीडी-२चं सॉकेट आलं, म्हणजे कुणाचाही स्कॅनर लावून गाडीचा कोड वाचता येऊ लागला. पुढे २०१२मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी ‘दुरुस्तीचा हक्क’ मंजूर केला आणि जानेवारी २०१४मध्ये कार कंपन्यांच्या आणि सुट्या भागांच्या धंद्यातल्या संघटनांनी देशभरासाठी करार केला. दादा म्हणतो, “तो करार नसता तर मी आज टायर बदलत बसलो असतो.”

तर असं सॉफ्टवेअर घ्यायचं म्हटलं की तिथे तीन नावं हमखास पुढे येतात. ऑलडेटा १९८६ची, १९९६मध्ये ती ऑटोझोनने घेतली. कार कंपनीने लिहिलेली माहिती न बदलता जशीच्या तशी देणं हे तिचं वैशिष्ट्य. मिचेल-वन हे पुस्तकांच्या काळापासूनचं, १९१८पासूनचं घराणं, आता स्नॅप-ऑनकडे. यांचे संपादक कंपन्यांची माहिती एका साच्यात बसवतात, वायरिंगचे नकाशे स्वतः रंगीत काढतात. टोयोटा असो की फोर्ड, नकाशा वाचायची रीत एकच. तिसरं आयडेंटिफिक्स. त्यांची सुरुवात टेलिफोनवर मेकॅनिकला सल्ला देण्यापासून झाली. त्यामुळे त्यांचा भर ‘अशी तक्रार, असा कोड, तेव्हा इतरांनी काय बदललं आणि गाडी बरी झाली’ यावर. अर्थात आता तिघेही एकमेकांच्या अंगणात शिरलेत. पण स्वभाव मूळचाच राहतो.

थोडक्यात, एक जण मूळ ग्रंथ देतो, दुसरा नीट मांडलेलं गाईड देतो, आणि तिसरा मागच्या वर्षांच्या उत्तरपत्रिका.

दादाला उत्तरपत्रिका हवी होती. त्यामागचं कारण त्याने दुसऱ्या शनिवारी, जेवताना सांगितलं. त्याच्याकडे बावीस वर्षं काम करणारे एल साल्वादोरचे एक गृहस्थ आहेत. नाव लिहीत नाही, आपण त्यांना मिस्त्री म्हणू. पासष्टी ओलांडली, गुडघे गेले, पुढच्या वर्षी ते थांबणार. त्यांच्या हाताखाली कॉलेजातून कोर्स करून आलेला एक पोरगा आहे, चुणचुणीत, पण दोनच वर्षांचा अनुभव. दादाचा हिशोब सरळ होता: मिस्त्री जाणार, त्यांच्या डोक्यातलं जाणार, ते भरून काढणारं काहीतरी विकत घ्यायचं. “पोराला उत्तर मिळालं की झालं. मला महिन्याला बिलं भरायचीत ग.”

यात चूक काय काढणार? धंदा त्याचा, कर्ज त्याचं. मी एवढंच म्हटलं की ऑफिसात आम्ही कुठलंही सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याने दाखवलेलं उदाहरण बघत नाही, आपलं काम त्यावर करून बघतो. विक्रेत्याच्या उदाहरणात सगळं नेहमीच चालतं! मग गेल्या तीन महिन्यांची बिलं काढली आणि ज्यांनी खरोखर घाम काढला अशा पाच गाड्या निवडल्या. तिघांकडून चाचणीसाठी लॉगिन घेतलं. पडद्यासमोर मी किंवा दादाने बसायचं नाही, मिस्त्री आणि पोरगा यांनीच बसायचं. हाताला ग्रीस असताना. मी फक्त घड्याळ घेऊन मागे उभी.

पाचातल्या दोन गाड्यांबद्दल सांगते.

पहिली गाडी जुनी सेडान, कोड पी०४२०. म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय. हा भाग महाग, हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. आणि कोड आला की तो बदलून टाकायची पद्धतच पडली आहे. पण कोड म्हणजे निदान नव्हे. सायलेन्सरच्या पाइपाला भोक असेल, सेन्सर म्हातारा झाला असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. इथे उत्तरपत्रिकेने कमाल केली. पोराने गाडीचा नंबर टाकला आणि दोन मिनिटांत कंपनीचं बुलेटिन समोर आलं: या मॉडेलला आधी कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग अद्ययावत करून बघा. बाकी दोन ठिकाणीही ते बुलेटिन होतं, फक्त यादीत खाली. दादाने माझ्याकडे बघून भुवई उडवली. एक-शून्य.

दुसरी मिनीव्हॅन. रात्रभर उभी राहिली की सकाळी बॅटरी मेलेली. तीच तक्रार पोराने तिथेच टाकली. उत्तर आलं, बहुतेकांनी एसीचा रिले बदलला. रिले स्वस्त असतो, त्यामुळे बदलून बघायचा मोह होतोच. “ही गाडी आली तेव्हा मी पण आधी तोच काढून बघितला होता,” मिस्त्री म्हणाले, “रिले ठीक होता.” मग त्यांनी पोराला रीतच दाखवली. गाडी कुलूपबंद करून शांत होऊ द्यायची, कारण आतले छोटे कॉम्प्युटर झोपायला बराच वेळ घेतात. मग एकेक फ्यूज न काढता त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजायचा. फ्यूज उपसला की झोपलेले कॉम्प्युटर जागे होतात आणि चोर पळून जातो. ज्या फ्यूजवर आकडा दिसेल तिथून करंट जातोय. आता त्या फ्यूजच्या मागे काय-काय आहे? इथे लागतो वायरिंगचा नकाशा. तो नकाशा ज्या सॉफ्टवेअरमध्ये एका पानावर, रंगीत होता आणि एका वायरवर टिचकी मारली की तेवढीच उजळत होती, तिथे पोराला चार मिनिटं लागली. दुसरीकडे पाच पानं पुढे-मागे करत अठरा. नकाशा मागच्या सॉकेटपाशी पोचला. आणि त्या सॉकेटच्या पाठीमागे गाडीमालकाने मुलांसाठी बाहेरून बसवून घेतलेल्या टीव्हीची वायर निघाली होती. रात्रभर चालू!

ही वायर जगातल्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये सापडली नसती. ती कंपनीने लावलीच नव्हती.

त्या दिवशी दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे उत्तर विकत घेतलं तरी पोराला शोधायला शिकवावंच लागणार.” मी काही बोलले नाही. मिस्त्री हात धुवायला गेले होते.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते, कुणाला उपयोगी पडतील. मजुरीचे तास हा मोठा विषय आहे. तिथे गिऱ्हाइकाला पुस्तकातल्या तासांप्रमाणे मजुरी लावतात. कार कंपनीने ठरवलेले तास वॉरंटीच्या कामासाठी, म्हणजे तुलनेने नव्या गाड्यांसाठी असतात. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात; दहा वर्षांच्या गाडीचा गंजलेला बोल्ट त्या वेळेत निघत नाही. तेव्हा तास कुठून घेतलेत ते विचारावं. एकाच वेळी किती जण लॉगिन करू शकतात, टॅब्लेटवर नीट दिसतं का, करार किती महिन्यांचा आणि तो आपोआप वाढतो का, हेही. आणि या सॉफ्टवेअरने सगळं भागत नाही. नव्या गाडीत कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग करायचं तर बहुतेकदा कार कंपनीच्याच साइटवर एक-दोन दिवसांची वर्गणी भरावी लागते. त्यासाठी बजेटमध्ये थोडी जागा ठेवावी.

कोल्हापूरच्या काकांना हे सगळं फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “आमच्याकडे मिस्त्री आवाजावरून सांगतो.” खरंय काका, पण आता गाड्या आवाजच करत नाहीत! आणि आपल्याकडेही हाच झगडा झालाय. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड लावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, ते असो. मुद्दा तोच, गाडी आपली असली तरी तिची माहिती कुणाची?

दादाने कुठलं घेतलं ते मुद्दाम लिहीत नाही. त्याच्याकडे येणाऱ्या गाड्या आणि त्याची दोन माणसं यांना जमलं ते घेतलं. तुमच्या ओळखीच्या गॅरेजला दुसरं जमेल. कसं निवडलं तेवढं सांगते. पोराने आणि मिस्त्रींनी वेगवेगळ्या कागदांवर गुण दिले आणि दोघांचा पहिला नंबर एकच आला. ते नकाशेवालं होतं. दादाची पसंती वेगळी होती, तरी सही त्यानेच केली.

शिवाय एक गोष्ट ठरली, तिला डॉलर लागले नाहीत. रोज संध्याकाळी गॅरेज बंद करायच्या आधी वीस मिनिटं मिस्त्री त्या दिवसाच्या एका गाडीबद्दल बोलतात आणि पोरगा टाइप करतो. काय तक्रार होती, आधी काय वाटलं, काय तपासलं, कशामुळे तो संशय सोडला. मी त्यासाठी एक साधी एक्सेल फाइल करून दिली. मागच्या आठवड्यापर्यंत त्र्याहत्तर नोंदी झाल्यात. मिस्त्रींचं इंग्रजी तुटक आहे, मध्येच स्पॅनिश येतं. पोरगा ते तसंच लिहून ठेवतो.