वेळापत्रक कुणाच्या डोक्यात आहे?

माझ्या ओळखीतली आपली बरीच मुलंमुली आयटीत 'प्रॉडक्शन सपोर्ट'ला आहेत. नेमकं काम काय, हे घरच्यांना सांगताना त्यांची अडचण होते. मीही पुण्यात बसून एका परदेशी बँकेच्या बॅचवर रात्रपाळ्या केल्या आहेत, म्हणून आधी तेवढं सांगतो. बँकेचे दिवसभराचे व्यवहार रात्री हजारो छोट्या कामांतून जातात. फाइल आली का बघा, ती लोड करा, व्याज काढा, ताळा जमवा, अहवाल पाठवा. या प्रत्येक कामाला जॉब म्हणतात. कुठला जॉब कधी, कुठल्या मशीनवर आणि कुणाच्या मागून चालवायचा, हे ऑटोसिस, कंट्रोल-एम, सीए-7 अशी सॉफ्टवेअर सांभाळतात.

माझं म्हणणं एकच आहे. हे वेळापत्रक छापून, समजावून लिहून ठेवणं हे कारकुनी काम नाही. जिथे ते लिहिलेलं नसतं, तिथे ते ज्याच्या डोक्यात असतं त्याची सत्ता चालते.

आमच्या टीममध्ये एक सिनिअर होते. रात्री अडीचला जॉब अडकला की त्यांना फोन करायचा. ते म्हणायचे, "त्याला आइसवर टाक." का टाकायचं, हे सांगायचे नाहीत. होल्डवर टाकलेला जॉब थांबतो आणि त्याची वाट पाहणारे जॉबही थांबतात. आइसवर टाकलेला जॉब चालत नाही, पण तो जणू झालाच असं धरून पुढचे सुटतात. म्हणजे एक शब्द चुकला तर अर्धवट आकडे घेऊन अख्खी साखळी पुढे जाते. एवढी महत्त्वाची गोष्ट आम्हाला कळली ती फार उशिरा, मॅन्युअल वाचून. सिनिअरच्या चहाच्या कोंडाळ्यातल्या पोरांना मात्र ती आधीपासून माहीत होती. ते कोंडाळं कसं जमलं होतं? एकच कॉलेज, ओळखीची घराणी, शनिवार-रविवारचे ट्रेक. घराण्यात पहिल्यांदाच ऑफिसची पायरी चढलेल्या मुलाला तिथे कुणी अडवत नव्हतं. फक्त बोलावत नव्हतं. मज्जाव करणारी पाटी नसतानाही ज्ञान आतल्या आत फिरत राहतं, ते असं.

यावर भांडून काही होत नाही असं नाही, पण भांडणाआधी हातात कागद लागतो. आणि तो काढणं अवघड नाही. ऑटोसिसमध्ये 'ऑटोरेप' कमांडला जॉबचं नाव आणि 'क्यू' हा पर्याय दिला की त्या जॉबची पूर्ण व्याख्या जेआयएल भाषेत मिळते. नावाच्या जागी 'ऑल' दिलं की सगळ्या जॉबची. साध्या क्रॉनमध्ये क्रॉनटॅबला 'एल' पर्याय पुरतो. जेवढं पाहण्याची परवानगी आहे तेवढंच काढा आणि ऑफिसच्या सिस्टिममध्येच ठेवा.

पण प्रिंट म्हणजे डॉक्युमेंट नव्हे. व्याख्येत कॅलेंडरचं नुसतं नाव असतं, तारखा नसतात. त्या वेगळ्या काढाव्या लागतात. आमच्या बॅचला लंडनच्या सुट्ट्या लागू होत्या. 14 एप्रिलला बाहेर मिरवणूक असो, बॅच चालायचीच. ते कॅलेंडर छापून भिंतीवर लावलं, तेव्हा कुठल्या रात्री माणसं लागणार हे तीन महिने आधी सगळ्यांना दिसायला लागलं. भीमजयंतीच्या रजेचा अर्ज वेळेत टाकता यायला लागला. तोवर कुणाला सुट्टी हे एकच माणूस ठरवत होता.

आणि व्याख्या 'काय' सांगते, 'का' सांगत नाही. ते माणसालाच लिहावं लागतं. हा जॉब कशासाठी आहे? सहसा किती वेळ घेतो? पडला तर तसाच पुन्हा चालवला तर चालतो, की रक्कम दोनदा जमा होईल? कुणाला कळवायचं? तो अडकला तर पुढे कोण अडकतं? एवढी पाच उत्तरं प्रत्येक महत्त्वाच्या जॉबखाली असली, तर काल लागलेली मुलगीही रात्रपाळी निभावते.

काही जण म्हणतात, स्क्रीनवर सगळं दिसतं, कागद कशाला? जून 2012 मध्ये ब्रिटनच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहाने बॅच शेड्यूलरचं अपग्रेड केलं, अडचण आली म्हणून पुरेशी चाचणी न करता मागे घेतलं आणि बॅच कोलमडली. नॅटवेस्ट, अल्स्टर बँक धरून 65 लाखांवर ग्राहकांना फटका बसला. 2014 मध्ये नियामकांनी 5 कोटी 60 लाख पौंडांचा दंड केला. ते कागद नसल्यामुळे घडलं असं मी म्हणत नाही. पण शेड्यूलरच आजारी पडला की त्याच्या स्क्रीनवर विसंबता येत नाही, एवढं त्यातून घ्यावं. कागद शिळा होतो हे खरं. म्हणून त्यावर तारीख घाला, दर आठवड्याला नवी प्रत काढा आणि जुन्या प्रतीशी ताडून बघा. काय बदललं, कुणाला न सांगता बदललं, तेही त्यात सापडतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "सगळं लिहून दिलं तर मला काढून टाकतील." कंत्राटावरच्या पोराची ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण उलट बाजूही पाहिली आहे. ज्याच्या डोक्यात वेळापत्रक, त्याला आजारपणातही फोन, लग्नातही फोन. आमचे ते सिनिअरसुद्धा त्यातून सुटले नव्हते. मक्तेदारी धरणाऱ्यालाही ती बांधून ठेवते. आणि लपवून टिकवलेली नोकरी पुढच्या केटीला तशीही जातेच. म्हणून लिहा, पण खाली आपलं नाव आणि तारीख घाला. लिहिणारा एक आणि मीटिंगमध्ये दाखवणारा दुसरा, हे चालू देऊ नका. वार्षिक मूल्यमापनात त्याची नोंद मागा.

या आठवड्यात आपल्या बॅचमधले दहा जॉब निवडा. व्याख्या छापा, पाच उत्तरं लिहा आणि टीममध्ये सगळ्यात नवीन कोण आहे त्याला पहिल्यांदा वाचायला द्या. त्याला जिथे कळलं नाही, तिथे आपलं लिहिणं अपुरं आहे असं समजा आणि पुन्हा लिहा.