'ढ' म्हणे!

आमचा चौथीतला भाचा 'ढ' आहे, असं घरात जवळजवळ ठरून गेलंय. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात, म्हणूनच मुद्दाम लिहितोय.

सुट्टीत ताई त्याला घेऊन आली होती. दप्तर घ्यायला मी त्याला नवी पेठेत नेलं आणि सहज पाट्या वाचायला सांगितल्या. 'शर्ट'चं त्याने 'शटर' केलं. 'वस्त्रालय' पाहिलं, काचेतली साडी पाहिली आणि ठोकून दिलं, "साडी सेंटर!" आता हा आळस म्हणायचा का? आळशी मूल इतकी डोकेफोड करत नाही. ४७५ चं दप्तर, १८० चा डबा. हजारातून ३४५ परत येणार हे दुकानदाराच्या आधी यानेच सांगितलं.

डिस्लेक्सियात अडतं ते आवाज आणि अक्षर यांची सांगड घालताना. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने अशाच एका हुशार १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं. आपली देवनागरी तशी सरळ, पण तिच्याही खोड्या आहेतच. पहिली वेलांटी काढायची अक्षराच्या आधी, ऐकू येते नंतर. रफार बसतो पुढच्याच्या डोक्यावर, उच्चारायचा मात्र आधी. जोडाक्षरांचं तर विचारूच नका.

पूर्वी या चाचण्या बहुतेक इंग्रजीतून व्हायच्या. मराठी शाळेतल्या पोराला त्यांचा काय उपयोग? मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने २०१५ मध्ये 'डाली' आणली. ती मराठीतही आहे, आणि पहिली ते पाचवीच्या मुलांची प्राथमिक चाळणी शिक्षकच करू शकतात. महाराष्ट्रात दहावीला जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती १९९६ पासून आहेत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमतेचं नावही आलं.

नेमकं त्या 'दिव्यांग' शब्दापाशीच दाजी अडलेत. "दाखला घेतला की पोरावर कायमचा शिक्का!" दाजी, रागावू नका, पण 'ढ'चा शिक्का कुठल्याही दाखल्याशिवाय बसलाच आहे की.

असो. तपासणी जूनमध्ये करायची असं ताईने ठरवलंय. तोवर ती धडे वाचून दाखवते आणि तो उत्तरं तोंडी देतो. परवा फोनवर त्याने मला अफझलखानाचा वध सांगितला. वीस मिनिटं. मध्ये एकदा खानाच्या आवाजात सुद्धा :-)