सोंग आणि प्रीती

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी संध्याकाळ उतरली, की जी. ई. रोडवरची वर्दळ हळूहळू पाण्याच्या बाजूस वळते. नावावरून पाहता हा कुणा तेल्याने घातलेला बांध असावा. आजचे शहर त्याला कौतुकाने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणते. तलावाच्या कठड्याशी दुचाकी उभ्या करणाऱ्या तरुणींपैकी कित्येकींची तोंडे ओढणीने घट्ट बांधलेली असतात. उघडे दिसतात ते केवळ डोळे. ऊन आणि धूळ ही कारणे घरी सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. छत्तीसगढचा उन्हाळा ज्याने अनुभवला आहे तो त्यांची थट्टा करणार नाही. तथापि सूर्य मावळून तास उलटला तरी ओढणीची गाठ सुटत नाही. रस्त्याने जाणारा एखादा काका, एखादा शेजारी केव्हा दृष्टीस पडेल याचा नेम नसतो. शेजारी बसलेला तरुण मात्र उघड्या तोंडाने बसलेला असतो. त्याला कुणी ओळखले तरी फारसे बिघडत नाही.

प्रेमाच्या सुखात्म नाटकाचे बीज याच विषमतेत आहे. प्रेम करावयाचे असेल तर दोघांपैकी एकाला वेष पालटावा लागतो. मग वेष कुणी पालटावा आणि त्यातून कुणाचा लाभ व्हावा, हा प्रश्न दिसतो तितका खेळकर नाही.

शेक्सपिअरच्या नाटकांत वेष पालटते ती स्त्री. ‘ॲज यू लाइक इट’मधील रोझलिंड हद्दपार होऊन अरण्यात निघते तेव्हा पुरुषवेष घेते तो केवळ वाटेवरच्या भयाने. परंतु एकदा तो अंगावर चढल्यावर त्यातून तिला एक अनपेक्षित मोकळीक मिळते. आपला प्रियकर आपल्यामागे आपल्याविषयी काय बोलतो हे ती ऐकू शकते, त्याला प्रश्न विचारू शकते, त्याच्या भाबड्या शृंगाराची चेष्टाही करू शकते. व्हायोलाच्या वाट्याला नेमके उलट येते: पुरुषवेषाने तिला सरदाराच्या सान्निध्यात आणले आणि त्याच वेषाने तिचे तोंड बंद केले. ज्याच्यावर तिचे मन जडले आहे त्याचाच प्रेमसंदेश तिने दुसरीकडे पोचवावयाचा. आणि या दोन्ही भूमिका तेव्हा करीत होते ते पोरसवदा नट, कारण इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रिया आल्या त्या १६६० नंतर. स्त्री झालेला मुलगा पुन्हा पुरुष होतो, आणि रोझलिंडच्या बाबतीत तो ‘पुरुष’ पुन्हा स्त्रीचे सोंग आणतो. इतक्या घड्यांखाली प्रेक्षकाला नेमके कोण आवडत होते, हे त्यालाही सांगता आले नसते.

मराठी रंगभूमीवरही स्त्रीभूमिका पुरुषच करीत. तेव्हा येथेही नायिकेने धोतर नेसून वनात जावे, अशी अपेक्षा वाचकाच्या मनात येईल. पण अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त, ज्याचे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात रंगले, वेष पालटतो तो अर्जुन. सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरविणारा बलराम भगव्या वस्त्राला भुलतो आणि आपल्याच बहिणीला त्या यतीच्या सेवेस नेमतो. कुलशीलाचा पहारेकरीच दार उघडून देतो, ही योजना विलक्षण विनोदी आहे. मराठी नाटकातील भोळ्या वडीलधाऱ्यांत बलरामाची सर यावयास बराच काळ जावा लागला. परंतु एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. रोझलिंडला जी सवलत मिळाली ती येथे अर्जुनाला मिळाली आहे. सुभद्रेचे अंतःकरण तो जवळून पाहतो. सुभद्रेला मात्र समोर कोण आहे याचा पत्ता नसतो.

पुढे खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त नायिका वेष पालटते खरी. श्रीमंत भामिनी गरीब वनमाला होऊन धैर्यधराच्या छावणीत जाते. पण ती बदलते ते वर्ग, लिंग नव्हे. रेशमी शालू जाऊन साधे लुगडे येते, इतकेच. याचे कारण नाटककाराच्या संकोचात जितके असेल त्याहून अधिक नटाच्या कलेत असावे. इंग्रज पोराला घटकाभर झगा उतरविण्याची मुभा होती. आमच्या स्त्रीपार्टी नटाचे सारे वैभव लुगडे न उतरविण्यात होते. भाऊराव कोल्हटकरांनी पुढे पुरुषभूमिकाही घेतल्या, पण बालगंधर्वांच्या भामिनीने पुरुषवेष चढविला असता तर प्रेक्षकाला नायिकेचे सोंग न दिसता नटाचे सत्य दिसले असते, आणि तो नेमका तेच विसरावयास आलेला होता. १९३५ साली ‘धर्मात्मा’ चित्रपटात बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत दिसले, तेव्हा ज्यांनी त्यांना जन्मभर भामिनी, रुक्मिणी, सिंधू म्हणून पाहिले होते त्यांना तेच वेषांतर वाटले असल्यास नवल नाही. १२ मार्च १९११ रोजी, ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच, त्यांची तान्ही मुलगी गेली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकीगत त्यागाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. त्या रात्री लुगड्याखाली एक बाप होता, हे वाक्य मात्र क्वचितच कुणी उच्चारते.

रायपूरला मराठी नाटक परके नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून येथे मराठी घराणी नांदत आली आहेत, आणि महाराष्ट्र मंडळाच्या मंचावर नाटके होतात. परंतु सोंगाची खरी शाळा शहराभोवतालच्या खेड्यांत होती, आणि तिचे नाव नाचा. रात्रभर चालणाऱ्या या खेळात जोक्कड हसवितो आणि परी नाचते. ही परी परंपरेने पुरुषच. कित्येकांनी त्यासाठी केस वाढविले. रात्री ज्याच्या ठुमक्यावर गाव लुब्ध होई, त्याला दिवसा त्याच केसांवरून गावाचे टोमणे ऐकावे लागत. गंधर्वाला समाजाने पैठणी अर्पण केली. नाच्यातील परीला बिदागी आणि थट्टा यांवर भागवावे लागले.

रायपुरात १९२३ साली जन्मलेल्या हबीब तन्वीरांनी १९७३ मध्ये याच शहरात नाच्याच्या कलावंतांचे शिबिर घेतले. छेरछेरा, बुढवा बिहाव आणि देवार-देवारिन या तीन गमती जोडून त्यातून ‘गाँव के नाँव ससुरार, मोर नाँव दामाद’ हे नाटक उभे राहिले. तरुण झंगलू, त्याची मानती, आणि पैशाच्या बळावर तिला नेणारा म्हातारा: सांगाडा जगातल्या कोणत्याही जुन्या सुखात्मिकेचा आहे. पण शीर्षक पाहावे. गावाचे नाव सासर आणि माझे नाव जावई, असे सांगणाऱ्याने नाव-पत्ताच वेषासारखा पांघरलेला आहे. त्याच मंडळींनी १९९३ मध्ये ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ हे ‘कामदेव का अपना, बसंत ऋतु का सपना’ या नावाने केले. मूळ नाटकात फ्लूट नावाचा एक कारागीर दाढी फुटू लागल्याची सबब पुढे करून स्त्रीभूमिका टाळू पाहतो. लंडनच्या प्रेक्षकाला तो विनोद वाटला असेल. नाच्यात वाढलेल्या नटाला ती नित्याची अडचण होती.

नया थिएटरच्या मंचावर स्त्रियाही आल्या. ‘चरणदास चोर’मधील राणी, फिदाबाई मरकाम, देवार समाजातल्या. गाणेबजावणे हाच ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्यांच्या मुलींना मंचावर चढताना गमवावयाची ‘प्रतिष्ठा’ समाजाने आधीच ठेवली नव्हती, हे कटू असले तरी खरे आहे. मराठीत १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने सुशिक्षित घरच्या स्त्रियांना वाट करून दिली. त्यानंतर लुगडे नेसलेला पुरुष नायिका राहिला नाही. तो ‘मोरूची मावशी’ झाला. ज्या नेसण्यावर एक पिढी जीव ओवाळीत होती, त्यावर पुढची पिढी खो खो हसली. आणि साऱ्यांचेच ते सोंग असते असेही नाही: २०२१ साली छत्तीसगढ पोलिसांत १३ तृतीयपंथी व्यक्तींची शिपाई म्हणून निवड झाली, तेव्हा रंगभूमीने कधी विचारात न घेतलेली एक शक्यता खाकी गणवेशात समोर आली. त्यांच्यापैकी अनेकींच्या लेखी सोंग होते ते लहानपणचे पुरुषी कपडे.

तेलीबांध्यावर रात्रीचे नऊ वाजतात. चाटच्या गाड्यांपाशी गर्दी असते, पाण्यात दिव्यांचे रंग हलत असतात. कठड्याशी बसलेल्या एकीने मघाशी पाणीपुरीसाठी ओढणी हनुवटीखाली ओढली होती. आता निघताना ती दुचाकीच्या आरशात पाहून ती पुन्हा नाकावर चढविते आणि मागे गाठ मारते. मग ती एका दिशेला जाते, तो दुसऱ्या.