चाळिशीला आलेली राजदूत

स्पोर्ट्स कार म्हटले की सिनेमातली लाल, बसकी, बिनछपराची गाडी डोळ्यांसमोर येते. आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात ती कधी उभी राहिली असेल. पण १९८०च्या दशकात जे तरुण होते त्यांना विचारा. त्यांच्या काळातही एक स्पोर्ट्स कार होती. तिला चाके मात्र दोनच होती. तिचे नाव राजदूत ३५०.

दुधाचे कॅन अडकवून गल्लोगल्ली फिरणारी जी राजदूत तुम्हाला आठवते, ती ही नव्हे. ती १७५ सीसीची, सोशिक, शेतावरच्या वाटेनेही मुकाट जाणारी. ही यामाहाच्या 'आरडी ३५०'ची भारतीय आवृत्ती. एस्कॉर्ट्स कंपनीने ती दिल्लीजवळ फरिदाबादला बनवायला घेतली आणि १९८३ मध्ये बाजारात आणली. ३४७ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर, सहा गिअर. मूळ जपानी गाडीची ताकद ३९ हॉर्सपॉवर होती. आपल्याकडे ती साडेतीसवर आणली, आणि पुढे पेट्रोल कमी प्यावे म्हणून आणखी एक आवृत्ती निघाली, ती २७ची. तरीही तिने वेग घेतला की मागे बसणाऱ्याला धरायला काहीतरी शोधावेच लागे. पण ते दिवस पेट्रोल मोजून वापरण्याचे होते. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि गाडीबद्दल विचारण्यासारखा एकच प्रश्न उरला : "किती देते?" या प्रश्नाला राजदूत ३५०कडे सांगण्यासारखे उत्तर नव्हते. ते दशक संपता संपता तिचे उत्पादनही संपले.

आमच्या काकांनी ही गाडी १९८६ मध्ये घेतली. काका मूळचे विट्याचे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर विखुरली आहेत. काकाही सोळाव्या वर्षी, १९७४ मध्ये, करोल बागेतल्या एका गलाईच्या दुकानात भट्टी फुंकायला आले आणि इथलेच झाले. मी नोकरीसाठी दिल्लीत आल्यापासून त्यांच्याच घरी वरच्या खोलीत राहते. त्यामुळे जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेल्या त्या गाडीला वळसा घालूनच माझे रोजचे येणे-जाणे असते.

ती तशी गुंडाळली गेली त्याला दिल्लीची हवा कारण. नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पंधरा वर्षांवरच्या गाड्या दिल्लीच्या रस्त्यांवरून हटवायला सांगितले. पुढे पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षे अशी मर्यादा ठरली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा गाड्यांवर सक्तीची कारवाई नको म्हटले तेव्हा काकांनी घाईने ताडपत्री काढली होती. डिसेंबरात त्या सवलतीतून 'भारत स्टेज चार'च्या आधीच्या गाड्या वगळल्या गेल्या. काकांची गाडी तर भारत स्टेज हे शब्द जन्माला येण्याच्या आधीची. दिल्लीचा धूर मीही गिळते, त्यामुळे या नियमाला नुसती नावे ठेवणे मला जमत नाही. पण वर्षाकाठी पाचशे किलोमीटर जाणारी गाडी आणि रोज शंभर किलोमीटर पळणारी गाडी यांना वयाच्या एकाच मापाने मोजायचे, हेही मला पटत नाही.

दिल्लीत ती चालणार नाही हे पक्के झाल्यावर काकांनी ठरवले, गाडी विट्याला माझ्या धाकट्या भावाकडे पाठवायची. पण ठाकठीक करून. काकूंनी ऐकले आणि म्हणाल्या, "अहो, ती भंगारात घाला. पोराच्या हातात देऊ नका."

काकूंच्या बोलण्याला आधार होता. १९९१ मध्ये पुसा रोडवर त्या मागे बसलेल्या असताना समोर सायकलरिक्षा आली, काकांनी पुढचा ब्रेक दाबला, आणि गाडी हवी तिथे थांबली नाही. काकूंचे गळ्याजवळचे हाड मोडले. आजही थंडीत तो खांदा दुखतो. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी काकूंनी अट घातली : "आधी तिला थांबायला शिकवा. मग पळवायचं बघा."

करोल बागेत दुचाकींचे सुटे भाग मिळण्याची जागा म्हणजे नाईवाला. सोमवार सोडून कधीही जा, गल्लीत चालायला वाट सापडत नाही. टायर, सायलेन्सर, मडगार्ड दुकानाबाहेर टांगलेले, आणि आत पोटमाळ्यावर कुठल्या तरी बंद पडलेल्या मॉडेलचा एखादा गिअर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला. गाडी रस्त्यावर चालवायची नाही म्हणून ती ठेल्यावर चढवून जवळच्याच एका मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री साठीचे, काकांना 'सेठजी' म्हणतात, काका त्यांना 'उस्ताद'.

इंजिन उघडले ते मी पहिल्यांदाच पाहिले. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी खाली क्रँकच्या खोलीत येते आणि तिथून वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेली रबरी सिले हवाबंद हवीत. अकरा वर्षे उभ्या गाडीत ती वाळून खडखडीत झाली होती. डावीकडचे सील फाटले तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, आणि पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. उजवीकडचे फाटले तर गिअरचे तेल आत जाऊन जळते आणि मागे पांढरा धूर. एका दुकानदाराने मूळ कंपनीचे म्हणून जे सील दिले ते उस्तादांनी नखाने दाबून पाहिले आणि परत पाठवले.

क्रँक लेथवर दोन टोकांत धरून फिरवला, डायल गेज लावले, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजत तांब्याच्या हातोडीने ठोकून सरळ केला. सिलिंडरचे मूळ माप ६४ मि.मी.; झीज काढण्यासाठी बोअर करून ते ६४.५० केले आणि त्या मापाचे पिस्टन घातले. खटके मारणाऱ्या जुन्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले. रीड व्हॉल्व्हच्या पोलादी पात्या काढून फायबरच्या घातल्या, कारण पोलादाचा तुकडा तुटून आत गेला तर नवे पिस्टन गेलेच म्हणून समजा. हे दोन्ही बदल बाहेरून दिसत नाहीत. गाडीची बेभरवशाची सवय मात्र त्यांनी जाते.

इंजिन सुरू झाल्यावर काकांचे खरे काम सुरू झाले. पन्नास वर्षे मुशीतल्या सोन्याचा रंग पाहून आच ठरवणारा माणूस. त्यांनी प्लग काढून उजेडात धरला. "हे बघ पोरी, बिस्किटावानी रंग आला की मिश्रण बरोबर. काळं पडलं तर पेट्रोल जास्त हुतंय. पांढरं पडलं तर आत उपाशी जळतंय, ते लई वाईट." कार्बोरेटरचा जेट चार वेळा बदलला, तेव्हा कुठे दोन्ही प्लग एका रंगाचे झाले.

उस्तादांकडच्या पोरांना एवढ्यावर समाधान नव्हते. एक्झॉस्टला एक्स्पान्शन चेंबर लावा, असा त्यांचा हट्ट. हा मधे फुगीर आणि शेवटी निमुळता पाइप. जळालेल्या वायूच्या दाबाची लाट त्यात आपटून उलटी येते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण परत आत दाबते. इंजिन जोरात फिरत असेल तेव्हा ताकद खरोखरच वाढते, आवाजही पोरांना आवडेल असा होतो. काकांनी एकदा काकूंच्या खांद्याकडे पाहिले आणि पाइप परत केला. माझ्या मते त्या सगळ्या दुरुस्तीत याहून शहाणपणाचा निर्णय दुसरा झाला नाही.

पैसे गेले ते गाडीच्या पायांवर. पुढच्या नळ्यांच्या क्रोमला गंजाचे खड्डे पडले होते. त्या खड्ड्यांनी तेलाची सिले कापली जातात आणि तेल खाली ओघळते. नळ्यांवर नव्याने हार्ड क्रोम चढवून त्या घासून मापात आणल्या, स्प्रिंगा बदलल्या. मागचा चिमटा, म्हणजे ज्यात मागचे चाक बसते तो दुहेरी हात, हलवला तर बाजूला खेळत होता. त्यातले प्लॅस्टिकचे बुश झिजले की वळणावर गाडीचा मागचा भाग शेपटीसारखा हलतो. त्या जागी काशाचे बुश घातले. हँडलच्या मानेतल्या सुट्या गोळ्या काढून टेपर रोलर बेअरिंग बसवले. मागचे शॉकअप नवे घेताना दुकानदार 'सबसे हार्ड' दाखवत होता. घट्ट ते चांगले हा आपल्याकडचा जुना गैरसमज. शॉकअप दबलाच नाही तर चाक खड्ड्यात उतरत नाही, वरून उडत जाते, आणि हवेतल्या चाकाला ब्रेक लागत नाही. माणूस बसल्यावर एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने गाडी खाली यावी, असा हिशेब आहे. काका गाडीवर बसले, मी गाडी सरळ धरली, आणि काकूंनी शिवणकामाची टेप लावून माप घेतले.

शेवटी राहिला पुढचा ब्रेक. जपानमधल्या मूळ गाडीला पुढे डिस्क होती, आपल्याकडे ड्रम आला. पोरांचे म्हणणे, डिस्क टाका आणि मोकळे व्हा. मलाही ते पटले होते. पण इथे कायदा आडवा येतो. कंपनीने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. दुसरीकडे २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आले. दुचाकी असो वा चारचाकी, गाडी पन्नास वर्षांची हवी आणि मूळ रूपात हवी. काकांची गाडी त्या वयाला २०३६ मध्ये पोहोचेल. म्हणजे आज ती रस्त्यासाठी म्हातारी आणि मानासाठी लहान. आज डिस्क लावली तर दहा वर्षांनी तिच्या मूळपणावर बोट ठेवले जाईल. काकांनी बोटांवर मोजले. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असतील. "ड्रमच ठेवा," ते म्हणाले. काकू काही बोलल्या नाहीत.

उस्तादांनी ड्रम उघडला. आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन ब्रेक शू असतात. या गाडीत दोन्हींना ढकलायला वेगवेगळे कॅम आहेत आणि बाहेर एक बारीक सळई त्यांना जोडते. सळईची लांबी बरोबर असेल तर दोन्ही शू एकाच क्षणी ड्रमला टेकतात. उस्तादांनी दोन्ही काढून फळीवर ठेवले. एकाचा लायनर रिव्हेटपर्यंत झिजलेला होता. दुसरा जवळजवळ नवा. कारखान्यातून आल्यासारखा.

"सेठजी, ये वाला तो कभी लगा ही नहीं," उस्ताद म्हणाले.

काका बराच वेळ फळीकडे पाहत राहिले. काकूंनी तो न झिजलेला शू उचलला, त्यावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला. १९९१ला तो लागत होता की नव्हता हे आता कोणी सांगू शकणार नाही, आणि कोणी विचारलेही नाही. ड्रम लेथवर गोल करून घेतला, नवे लायनर त्याच्या गोलाईला घासून बसवले, नवी केबल घातली, सळई जुळवली. मग गाडी मागच्या बोळात नेली. काका वर बसले, पोरांनी मागून जोरात ढकलले, काकांनी ब्रेक दाबला, आणि पुढचे टोक खाली वाकून गाडी जागच्या जागी उभी राहिली. काकूंनी ते तीनदा करायला लावले.

आता दिल्लीच्या परिवहन खात्याकडे ना-हरकत दाखल्यासाठी अर्ज गेला आहे. तो हातात आला की टाकीतले पेट्रोल काढून, गाडी गोणपाटात शिवून, निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेसने पार्सल करायची. मिरजेला भाऊ टेम्पो घेऊन येईल. काका रोज संध्याकाळी त्याला फोनवर सूचना देतात : पहिले हजार किलोमीटर सावकाश, ऑटोल्यूबच्या टाकीत तेल आहे का हे रोज डोळ्याने बघायचं, दर रविवारी प्लग काढून रंग सांगायचा. सुट्या भागांचे एक लाकडी खोके सोबत जाणार आहे. त्यात जुने पिस्टन आहेत, पॉइंटचा सेट आहे, आणि काकूंनी ते दोन ब्रेक शू सुतळीने एकत्र बांधून सगळ्यात वर ठेवले आहेत.