खालच्या माणसाचा उतार

डिसेंबरात अफरवटच्या उतारांवर बर्फ कमी असतो, म्हणून धोकाही कमी, हे गणित गुलमर्गला दर हिवाळ्याच्या तोंडाशी ऐकू येतं आणि ते मांडणारे सगळेच नवखे नसतात. बर्फाचा स्वभाव मात्र याच्या उलट आहे. जमिनीलगतचं तापमान हिवाळाभर शून्याच्या आसपास राहतं. निरभ्र रात्री पृष्ठभाग उणे १६ अंशांपर्यंत उतरला आणि मधला थर अवघा ४० सेंटिमीटरचा असला, तर दर १० सेंटिमीटरला चार अंशांचा फरक पडतो. तीच थंडी, तीच जमीन, पण वर दोन मीटर बर्फ असेल तर हा फरक एका अंशाच्याही खाली येतो. साधारण एक अंश ही मर्यादा धरतात. ती ओलांडली की थरातली वाफ खालून वर सरकू लागते, कणांची एकमेकांशी असलेली सांधेजोड सुटते आणि त्यांचे टोकदार, कोरडे स्फटिक होतात. मुठीत कितीही दाबले तरी त्यांचा गोळा वळत नाही. म्हणजे थर पातळ असतो म्हणूनच तो आतून पोकळ होत जातो. मग पुढचा पश्चिमी झंझावात त्यावर फूट-दीड फूट नवा बर्फ टाकतो, धारेवरचा वारा तो दाबून घट्ट करतो, आणि वरून पाहणाऱ्याला दिसतो तो एक देखणा, सलग, पांढरा उतार. त्याचा तळ सैल आहे हे वरून कळायला मार्ग नाही.

यावरचा पहिला आक्षेप असा की अपघात फेब्रुवारीत होतात, डिसेंबरात नाही. तारखा पाहिल्या तर तो बिनबुडाचा नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गजवळ लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणार्थींवर हिमस्खलन आलं आणि १७ जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी हापतखुडच्या बाजूला दोन पोलिश स्कीअर गेले, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन. पण फेब्रुवारीत जे ओझं सुटतं ते कशावर उभं होतं, हा प्रश्न तारखांच्या यादीत येत नाही. २०२४चा जानेवारी आठवावा. ऐन थंडीचे, चिल्ला-ए-कलांचे चाळीस दिवस संपत आले तरी गुलमर्गचं मैदान पिवळं होतं आणि मोठा बर्फ जानेवारीच्या अगदी शेवटाला आला. त्या हिवाळ्यातल्या अपघाताचं कारण नुसत्या या क्रमावरून ठरवणं उथळपणाचं होईल आणि मी ते ठरवत नाही. एवढं मात्र सर्वसाधारणपणे खरं आहे की तळाशी तयार झालेला हा सैल थर आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने तसाच राहतो. सावलीतल्या उत्तरेकडच्या नाळांमध्ये तर तो हमखास टिकतो. डिसेंबराचा हिशेब फेब्रुवारीत चुकता झाला, तर तो फेब्रुवारीच्या खात्यावर मांडू नये.

दुसरा आक्षेप अधिक कसलेल्या माणसांचा असतो: सुटलं तरी सुटून सुटणार किती? इथे आकडेमोड करून पाहावी. तीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि फक्त ३० सेंटिमीटर जाड तुकडा घेतला, तर तो १८० घनमीटर भरतो. वाऱ्याने दाबलेल्या बर्फाचं वजन घनमीटरला २०० किलो धरलं तर हे ३६ टन झाले. अफरवटवर ज्याला आपण ‘लहानसं’ म्हणतो ते हे. मोकळ्या मैदानावर ते पसरून जाईल, पण नाळेत उतरलं तर त्याला पसरायला जागा नसते आणि ढोपरभर जाडीचा थर तळाला पुरुषभर साचतो. शिवाय हंगामाच्या सुरुवातीला दगड, पडलेली झाडं, ओहोळांची तोंडं हे सगळं जेमतेम झाकलेलं असतं. फेब्रुवारीत वाहून गेलेला माणूस बर्फावरून जातो, डिसेंबरात तो खडकांवरून घासत जातो. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक वेळा तो वाचतो, हे आपण एकमेकांना पढवत असतो. बीकन, प्रोब आणि फावडं घेऊन निघणारा प्रत्येक जण त्याच भरवशावर निघतो. पण हा भरवसा गुदमरण्यापुरताच आहे. डोकं दगडावर आपटलेल्याला फावडं वाचवत नाही. दगड थराला धरून ठेवतात, असंही कुणी म्हणतं. बर्फाबाहेर असतात तोवर धरतात. एकदा झाकले गेले की त्यांच्याभोवतीच थर सर्वांत पातळ आणि सर्वांत पोकळ असतो, आणि स्कीचा भार नेमका तिथेच तळापर्यंत पोचतो.

इथवर जे लिहिलं ते कुठल्याही चांगल्या प्रशिक्षकाला पाठ असतं. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. हे सगळं ज्ञान आपण स्वतःच्या जिवापुरतं वापरतो. उतार निवडताना ‘मला चालेल का’ असं विचारतो आणि शिष्टाचार नावाची गोष्ट वेगळ्या कप्प्यात ठेवतो: स्कीखाली स्किनच्या पट्ट्या लावून चढताना रुळलेल्या वाटेवर बूट रुतवू नये, मागून येणाऱ्याला वाट द्यावी, दुसऱ्याने पाडलेल्या वाटेचे आभार मानावेत, वगैरे. माझं म्हणणं असं की पातळ बर्फाच्या दिवसांत हे दोन कप्पे उरत नाहीत. आखलेल्या उतारांसाठी आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत. त्यांचा गाभा असा की पुढे, खाली असलेल्या माणसाचा हक्क आधी. मागून येणाऱ्याने आपली वाट बदलायची. तिथे तो धडक टाळण्यासाठी आहे. दोरीबाहेरच्या डोंगरावर तोच नियम चारशे मीटर खालच्या माणसालाही लागू होतो, कारण तिथे माझं शरीर त्याच्यापर्यंत पोचायची गरजच नसते. सह्याद्रीत नाळेतून चढणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. वरच्याच्या पायाखालून दगड निसटला की तो निसटवणाराच पहिली आरोळी देतो, आणि शहाणा नेता नाळेत दोन गट एकाखाली एक येऊच देत नाही. तोच पुण्या-मुंबईचा माणूस काश्मिरात स्की शिकतो तेव्हा वळणं शिकतो, तोल शिकतो, आरोळी मात्र घरी ठेवून येतो. शिकवणाऱ्यांनाही ती शिकवायला वेळ नसतो. चौदा दिवसांत वळणं दाखवता आली तर प्रमाणपत्र देता येतं.

आता तो चिवट प्रश्न, ज्याच्याभोवती मी घुटमळत राहतो: खाली कोणी आहे की नाही हे वरून कळायचं कसं? गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आणि गोंडोलाचा वरचा थांबा चार हजारांच्या जवळ. या तेराशे मीटरांत उतार एका रेषेत उतरत नाही. धारेखाली तो पोटाशी फुगतो, आणि त्या फुगवट्याच्या पलीकडचं काहीही वरच्याला दिसत नाही. तणाव सर्वांत जास्त त्याच फुगवट्यावर असतो, म्हणजे जिथून थर तुटायचा तिथूनच नजरही तुटते. मग ढग, मग खालचं रान. वर उभा राहणारा पाच मिनिटं पाहतो, कोणी दिसत नाही, आणि उतरतो. ‘दिसत नाही’ याचं ‘नाही’ कधी झालं हे त्याचं त्यालाही कळत नाही. खाली कोण असू शकतं? स्किन लावून सावकाश चढणारे दुसरे दोघे. द्रंग किंवा तंगमर्गच्या बाजूने रानात आलेला गावकरी, ज्याने आपल्या खेळाला कसलीही संमती दिलेली नाही. गोंडोलाच्या मधल्या थांब्यावर, कोंगदोरीच्या आसपास भाड्याचे कोट आणि गमबूट घालून बर्फ बघायला आलेली कुटुंबं, त्यांत मराठी बोलणं सतत कानावर पडतं, आणि त्यांना स्लेजवरून ओढणारी माणसं. बरं, वर असणं हीही पुरेशी खूण नाही. हा सैल थर एका जागी बसला की ‘धप्प’ असा आवाज होऊन ते बसणं बाजूला, खाली आणि वरही पसरतं. सपाटीवरून चाललेला माणूस बाजूचा उतार स्वतःच्या अंगावर सोडवू शकतो. अशा बर्फात कोण कुणाच्या वर आहे हे नकाशा पाहूनही नीट सांगता येत नाही.

यावर नेहमीचे उपाय आहेत आणि ते मी नाकारत नाही. एकेकाने उतरायचं, बाकीच्यांनी धोक्याच्या मार्गाबाहेर थांबायचं, फुगवट्यावर नाही तर सोंडेवर जमायचं, चढायची वाट नाळेच्या पोटातून काढायची नाही. पण हे सारे उपाय आपल्या गटाच्या आत फिरतात. एकेकाने उतरण्याने माझ्या सोबत्याचं रक्षण होतं. खालच्या अनोळखी माणसाला उलट चौघांच्या गटाचा धोका चार वेळा भेटतो. पाठीवरच्या एअरबॅगबद्दल तर मला थोडी अढीच आहे. ती घालणाऱ्याला वर तरंगत ठेवते, हे खरं. खालच्याला तिचा उपयोग शून्य, आणि ती पाठीवर असली की उताराकडे पाहायची नजर बदलते, हे घालणाऱ्यांनी प्रामाणिकपणे कबूल करावं.

आणि घाई वाढली आहे. इयान मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या ७१५ अपघातांच्या नोंदी तपासून २००४मध्ये जे मांडलं, त्यात माणसाला गाफील करणाऱ्या गोष्टींमध्ये एक ही होती की संधी थोडी आहे आणि दुसरा ती घेऊन जाईल असं वाटणं. गुलमर्गला आता हंगामच तसा झाला आहे. २०२५च्या फेब्रुवारीत बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये झाल्या. पूर्वी तीन महिन्यांत विभागली जाणारी हाव आता पहिल्या मोठ्या बर्फानंतरच्या तीन दिवसांत एकवटते, आणि नेमके तेच तीन दिवस थर सर्वांत नाजूक असतो. वरून ड्रोनवाल्यांची घाई निराळी. त्यांना उतारावर दुसऱ्या कुणाची रेघ चालत नाही, नाहीतर चित्र बिघडतं. मी त्यांना नावं ठेवतो खरा, पण ज्या उतारावर एकही रेघ नाही तो दिसल्यावर आत जे हलतं त्याला मी सौंदर्यदृष्टी म्हणत आलो, आणि त्यात बराच वाटा संध्याकाळी चहाच्या वेळी ‘ती रेघ कुणाची?’ असं कुणीतरी विचारावं या आशेचा आहे. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून थांबणं सोपं झालं. याला शहाणपण म्हणावं का, हे मला ठरवता येत नाही.

डोंगर कुणाच्या बापाचा नाही, जो जातो तो आपल्या जबाबदारीवर जातो, असा सर्वांत जोरकस आक्षेप आहे, आणि मला तो अर्धा मान्य आहे. स्वतःचा जीव पणाला लावायला मनाई करणारा मी कोण? पण वरची मांडणी खरी असेल तर सुरुवातीच्या बर्फात कुणीच फक्त स्वतःच्या जबाबदारीवर जात नाही. २०२०च्या मार्चमध्ये कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्याच्या वर दोन स्नोबोर्डरांच्या पायाखालून थर सुटला आणि बर्फ खालच्या रस्त्यावर आला. कुणालाही इजा झाली नाही, तरी दुसऱ्यांचा जीव धोक्यात घातल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरला गेला. त्यांनी स्वतःच दिलेलं चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आलं. खालच्याचा हक्क कायद्याने मानला, एवढ्यापुरता तो खटला मला पटतो. पण त्याच्यावर टीका झाली तीही रास्त होती: पुढच्या वेळी कोणी काही कळवणारच नाही. आणि जिथे एकमेकांना कळवण्यावर सगळं उभं आहे तिथे तोंडं बंद करणारा उपाय महाग पडतो. सरकारी इशाऱ्यांवरही सगळं सोपवता येत नाही. संरक्षण संशोधन संस्थेकडून येणारा इशारा जिल्ह्याचा असतो, अमुक उंचीच्या वर धोका एवढं तो सांगतो. बारामुल्ला जिल्ह्यातल्या अमुक नाळेत आज सकाळी दोघे चढताहेत हे तो कसा सांगणार?

ते फक्त त्या दोघांनी सांगितलं तरच कळतं. म्हणून माझ्या लेखी सुरुवातीच्या हंगामातली खरी रीत एकच आहे, आणि ती उतारावर सुरूही होत नाही. गोंडोलाच्या रांगेत, चहाच्या टपरीवर, गस्तीपथकाच्या माणसाजवळ, आपण कोणत्या नाळेत आणि किती वाजता उतरणार किंवा चढणार हे मोठ्याने सांगायचं, आणि दुसऱ्याला विचारायचं. बर्फ तपासायला खणलेला खड्डा जे दाखवतो ते त्या एका जागेपुरतं. समोरच्याने दिलेलं उत्तर मात्र फुगवट्याच्या पलीकडचं सांगतं. आक्षेप येईल की कुणी खरं सांगत नाही. सांगत नाहीतच. चांगली नाळ ज्याला माहीत असते तो ‘बघू, वर गेल्यावर ठरवू’ म्हणतो आणि वर गेल्यावर न ठरवता थेट तिकडे वळतो. वाटाड्यांना निदान पोटापाण्याचं कारण आहे, त्यांची नाळ म्हणजे त्यांचं गिऱ्हाईक. आम्हा हौशी लोकांना तेही नाही. मी ही रीत इतरांना इतक्या ठासून सांगतो खरा, पण रांगेत पुढच्याने ‘आज कुठून?’ असं विचारलं की माझ्याही तोंडून आधी शेजारच्याच नाळेचं नाव येऊ पाहतं.