छऱ्याची बंदूक आणि गोठ्याची कडी

आमच्या रत्नागिरीकडच्या घरी छऱ्याची बंदूक आहे. बागेत वानरं शिरली की पत्र्याच्या डब्यावर एक छर्रा मारतो. आवाजानं ती पळतात. खाऱ्या, दमट हवेत लोखंड लवकर गंजतं, म्हणून वापरल्यावर हाताचा घाम पुसून तेलाचं फडकं फिरवतो. छर्रा न घालता चाप ओढत नाही, ताणून ठेवत नाही. स्प्रिंग खराब होते. छर्रे शिशाचे, म्हणून साबणानं हात धुतो.

गेल्या वर्षी बकरी ईदच्या आधी कुर्बानीच्या बोकडाच्या वासानं बिबट्या गोठ्याशी आला. मुलं बंदुकीकडे धावली. अब्बांनी अडवलं. छऱ्यानं बिबट्या मरत नाही, जखमी होतो. आणि जखमी जनावर उद्या कुणाच्याही अंगणात उभं राहतं. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्याची शिकार गुन्हा आहे. आम्ही घरातूनच दिवे लावून डबे बडवले. तो गेला.

फुरशापुढेही बंदूक कामाची नाही. तिथं टॉर्च, पायात बूट, आणि दंश झालाच तर मांत्रिक नव्हे, थेट दवाखाना.

आता गोठ्याला जाळी आहे. मगरिबच्या आधी बोकड आत घेऊन कडी लावण्याचं काम धाकट्याकडे आहे. बंदूक पुसण्याआधी तो ते करतो.