नाव सांगा, फाटा सापडेल!

नांदेडहून निघालं की वारंगा फाट्याला रस्ता फुटतो. एक हिंगोलीला, दुसरा यवतमाळ-नागपूरला. तिथल्या खिचडीवर मी ब्लॉग लिहिला, व्हिडिओही टाकला. शीर्षक? ‘वाफाळलेली एक सकाळ’! महिनाभरात बघणारे २१. त्यातल्या निम्म्या मावश्या-आत्या. हॉटेलवाले काका म्हणाले, ‘‘ताई, पोरानं लई शोधलं, सापडलंच नाही बघा.’’ लाजच वाटली. भुकेला माणूस ‘वाफाळलेली सकाळ’ शोधतो का? शीर्षक बदललं : ‘वारंगा फाटा खिचडी, नांदेड-हिंगोली रोड’. तेच रोमन लिपीतही. खाली वर्णन, सबटायटल्स, ब्लॉगची लिंक. कीवर्ड्सचा ढीग मात्र नाही. पानाच्या कोडमध्ये लपवलेले कीवर्ड्स आपण मोजत नाही, हे गूगलनं २००९मध्येच सांगितलंय. परवा काकांचा फोन : ‘‘नागपूरचं गिऱ्हाईक आलं, व्हिडिओ बघून!’’